भाचीचं कांकण आणि हेडरचे बोल्ट

माझ्या गाडीचा आवाज आधी यायचा, मी मागाहून. हायवेवरून गावाच्या फाट्याला वळलो की ताई चुलीवर भात ठेवायची आणि मी दारात उतरेपर्यंत तो शिजलेला असायचा. यात गाडीचा वेग किती कमी आणि आवाज किती मोठा, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. गाडी तिसऱ्या हाताची होती. कागदपत्रांत तिचा रंग निळा लिहिला होता, आणि कागदपत्रांवर माझा पहिल्यापासून विश्वास. तिचं दुखणं मात्र साधं होतं. इंजिनाच्या बगलेला चार भोकं असतात. तिथून जळका धूर निघतो आणि बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, एका जड नळकांड्यातून सायलेन्सरकडे जातो. त्या नळकांड्याला म्हणायचं मॅनिफोल्ड. माझ्या मॅनिफोल्डला चीर गेली होती. धूर सायलेन्सरपर्यंत जायचा कंटाळा करून वाटेतच बाहेर पडायचा, आणि पडताना ओरडायचा.

शहापुरातला आमचा मिस्त्री म्हणाला, दुसरा जुना मॅनिफोल्ड टाकू, दिवस मावळायच्या आत गाडी घेऊन जा. इतका सरळ उपाय मला पटणं शक्यच नव्हतं. एका इंग्रजी मासिकात मी शर्यतीच्या गाडीचं चित्र पाहिलं होतं. तिला बिडाचा ठोकळा नव्हता. चार भोकांना चार लखलखीत पोलादी नळ्या, चारही वळसे घेत खाली येऊन एका नळीत मिळालेल्या. त्याला म्हणे हेडर म्हणतात, आणि तो बसवला की गाडीला जोर येतो. मी लगोलग कल्याणच्या भंगारबाजारातून एक हेडर उचलून आणला. तो कुठल्या गाडीचा होता ते विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मिस्त्रीने तो हातात घेतला, उलटसुलट केला, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "हे तुमीच बसवा." मला ती शाबासकी वाटली.

ताईने अंगणातूनच पाहिलं. "ही म्हशीची सडं कुठून कापून आणलीस रे?"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. गावातच दिलेली, आमच्या कुडाला तिचं कूड लागून. आणि त्याच महिन्यात तिच्या मुलीचं, माझ्या एकुलत्या एका भाचीचं लग्न होतं. लग्न नवऱ्याच्या गावी, मुरबाडच्या पुढे सिद्धगडाच्या अंगाला. नवरीला मांडवाच्या दारापर्यंत मामाने न्यायचं. आमच्याकडे हा मामाचा मान, आणि तो मान मी भाची पाळण्यात होती तेव्हाच माझ्या भावी गाडीसकट जाहीर करून ठेवला होता.

अडचण एकच. तिला मामा दोन होते. दुसरा माझा चुलतभाऊ, माझ्याहून धाकटा. त्याच्याकडे पांढरी जीप होती, जीपला नवी सीटकव्हरं होती आणि लग्नाला आठवडा असतानाच त्याने पुढच्या काचेवर नवरा-नवरीच्या नावांचा कागद चिकटवून टाकला होता. पूर्वतयारी म्हणून.

भाचीने निकाल दिला. "मामा, मी तुमच्याच गाडीतनं जानार. पन मांडवाशी पोचताना मला बँजो ऐकाया आला पायजे. तुमची गाडी नाय."

ताईने त्यावर शिक्का मारला. लग्नाच्या दिवशी सकाळी गाडी अंगणात चालू करायची. ओरडली, तर पोरगी जीपमध्ये.

म्हणून मी कामाला लागलो.

हेडर आणि इंजिन यांच्या मधे गॅस्केट लागतं. लोखंडाला लोखंड कितीही दाबलं तरी मधे बारीक फट राहतेच, आणि धूर फट शोधण्यात पटाईत. मधे काहीतरी मऊ घालायचं, ते दबून फट भरतं. एवढं मी वाचलं होतं. तयार गॅस्केट मिळणार नव्हतं, कारण इंजिन एका घराण्यातलं आणि हेडर भलत्याच. पत्रा आणून घरीच कापावं लागणार होतं. त्यासाठी इंजिनाच्या तोंडाचा छाप हवा.

छाप घ्यायला लोक काळं ग्रीस वापरतात. मी बॉनेट उघडून उभा होतो आणि ग्रीस संपलं होतं. घरात मात्र लग्नघर असल्याने कुंकवाचा डबा भरलेला. कुंकू तेलात कालवलं, इंजिनाच्या चारी भोकांभोवती बोटाने फासलं आणि पत्रिकांच्या गठ्ठ्यातला एक जाड कोरा कागद त्यावर दाबला. अप्रतिम छाप आला. चार लाल वर्तुळं, त्यांच्या वरखाली बोल्टांचे लाल ठिपके. तो घेऊन मी शहापूरच्या बाजारात स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मागच्या देवाच्या तसबिरीपाशी उभा करून ठेवला. मग विचारलं, "कवा हाय लगीन?"

मी दिवस सांगितला. गाव सांगितलं. येतो म्हणाला. एवढं सगळं झाल्यावर तो कागद इंजिनाचा आहे, खाली द्या, असं म्हणायचा मला धीर होईना. मी अंदाजाने, हाताने हवेत भोकं काढून, गॅस्केटचा पत्रा मागितला.

त्याने तीन प्रकार समोर टाकले. एक जाड कागदी. हा म्हणे कार्बोरेटरला ठीक, धुराशी लावलात तर पापडासारखा भाजेल. दुसरा पोटात बारीक तारेची जाळी असलेला करडा पत्रा. हा तापला तरी टिकतो. तिसरा तांब्याचा. तांबं पाहून माझे डोळे चमकले, पण ते घरी कापायला माझ्याकडे भाजी चिरायच्या विळीशिवाय काही नव्हतं. मी करडा घेतला. त्या सबंध प्रकरणात मी अक्कल वापरून केलेली एवढी एकच निवड, आणि तीही विळीमुळे.

मग बोल्ट. सॅम्पल म्हणून मी जुना गंजका बोल्ट नेला होता. दुकानदाराने तसेच काळे बोल्ट काढले. म्हणाला, तापणाऱ्या जागी हेच. पण शेजारच्या बरणीत पांढरे झिलईचे बोल्ट होते, चांदीच्या भांड्यासारखे. लग्नाची गाडी, बॉनेट उघडलं तर चार लोक बघणार. मी पांढरे घेतले. लांबी जुन्याएवढी देत होता, तर मी म्हटलं, एक नंबर लांब द्या. लांब बोल्ट जास्त धरतो, हा माझा स्वतःचा शोध होता.

"नि वॉशर?" त्याने विचारलं.

वॉशर म्हणजे बोल्टच्या डोक्याखाली घालायची चकती. मी हसलो. नव्या कोऱ्या बोल्टला कसला टेकू, म्हातारा आहे का तो, असं काहीसं बोललो. दुकानदार फार लोकांना हसताना पाहिलेला माणूस. त्याने वॉशरची बरणी परत फळीवर ठेवली.

घरी येऊन मी पुन्हा कुंकू फासलं, पुन्हा छाप काढला. आणि विळी ओढणार तोच मला भयंकर शंका आली. छाप नेहमी उलटा येतो. रबरी शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात ती याचसाठी. म्हणजे डावीकडचं मोठं भोक कागदावर उजवीकडे आलं असणार. हा कागद जसाच्या तसा पत्र्यावर ठेवून कापला, तर गॅस्केट उलटंच होणार. मी कपाटाच्या आरशासमोर मांडी घालून बसलो. आरशात पाहून दुसऱ्या कागदावर चित्र काढलं. मग आरशात पाहताना माझा स्वतःचा हातही उलटा दिसतो हे ध्यानात आलं आणि ते खोडलं. दुपारच्या जेवणाला हाका आल्या, मी गेलो नाही.

भाची लग्नाची म्हणून घराबाहेर पडत नव्हती आणि करमणुकीला आसुसली होती. दारात उभी राहून तिने बराच वेळ पाहिलं.

"मामा, काय चाललंय?"

मी तिला उलट-सुलट छापाचं सगळं शास्त्र समजावलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग पत्र्याचा तुकडा उचलला आणि भाकरी उलटतात तसा तव्यावरच्या सफाईने उलटून परत ठेवला.

"झाला सुलटा," ती म्हणाली. "जेवाया चला."

गॅस्केट कापून झालं, हेडर बसला. पांढरे बोल्ट मी पान्याने आवळले. प्रत्येक बोल्ट जरा फिरला आणि मग असा घट्ट बसला की पाना पुढे जाईना. वरून खबरदारी म्हणून गॅस्केटला लावायचा लालसर डिंक मी दोन्ही बाजूंनी चोपडला, पुरणपोळीवर तूप घ्यावं तसा, ओघळ येईपर्यंत.

लग्नाच्या सकाळी अंगणात सगळं गोत जमलं. चुलतभाऊ जीपला टेकून उभा होता, हातात किल्ली फिरवत. मी गाडी चालू केली. ती चालू झाली हे लोकांना कळलंच नाही. ताईने बॉनेटला हात लावून खात्री करून घेतली. चुलतभावाची किल्ली फिरायची थांबली. मी त्याच्या काचेवरचा कागद सोलून माझ्या काचेवर लावला.

नवरी मागे बसली. शेजारी तिची पाठराखीण, म्हणजे सोबतीला जाणारी मैत्रीण. आमच्यामागे जीप आणि त्यामागे बायकामंडळींचा टेम्पो. वाटेतलं किन्हवली गाव गेलं, गाडी अशी चालली होती की मला खिडकीतून येणारा वारा ऐकू येत होता. मी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मी भाचीला म्हटलं, "बघ, कळतेय का गाडी चालू आहे ते?"

तेवढ्यात चढ लागला. इंजिन तापलं, डिंक जळला, आणि गाडीने तोंड उघडलं.

पूर्वीचा आवाज बिडाच्या एका चिरेतला होता. आता चारी तोंडं मोकळी होती. शेतातला एक बैल दाव्यासकट निघून गेला. मी गाडी बाजूला एका मोहाच्या झाडाखाली घेतली. भाचीने फक्त मुंडावळ्या नीट केल्या, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

जीप येऊन शेजारी थांबली. चुलतभाऊ उतरला, मागचं दार उघडून धरलं आणि सीटकव्हरवरून हात फिरवला. "ये गो, बस. दादाला गाडी वाजवू दे."

भाची म्हणाली, "टेम्पो येऊंदे. आई सांगंल तसा."

टेम्पो जड, चढावर रांगत येणार. तेवढाच मला वेळ. मी बॉनेट उघडलं. हेडरला हात लावला, फडकं गुंडाळून, तर तो पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. बोल्ट पाहिले, तर एकूण एक घट्ट. घट्ट बोल्टांनी धरलेला ढिला पाइप मी कधी पाहिला नव्हता. एक बोल्ट काढला. त्याचं टोक चेपून चकचकीत झालेलं.

आणि मला समजलं. बिडाचा मॅनिफोल्ड जाड होता, म्हणून त्याचे बोल्ट लांब होते. हेडरची पट्टी पातळ. तिला आखूड बोल्ट हवे होते, आणि मी जुन्याहून लांब आणले होते. बोल्ट भोकात शिरून तळाला टेकायचा, मी समजायचो आवळला, आणि त्याचं डोकं पट्टीपासून वर, अधांतरी. गॅस्केट बिचारं इतके दिवस नुसतं डिंकावर लटकत होतं. आता उपाय एकच. डोक्याखाली चकत्या भरायच्या, म्हणजे वॉशर. दुकानदाराची बरणी मला डोळ्यांसमोर लख्ख दिसली.

टेम्पो आला. ताई उतरली, मागून आत्या, काकवा. मी घाईघाईने सगळं सांगितलं. मधे भोक असलेली चकती पाहिजे, धातूची, बोल्ट जाईल एवढ्या भोकाची.

थोरली आत्या पान चघळत होती. तिने कमरेची चंची सोडली, पानसुपारीच्या घडीखालून काहीतरी काढलं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. भोकाचा पैसा. फार जुन्या काळचं तांब्याचं नाणं, मधे भलंमोठं भोक. चलनातून कधीचं गेलेलं, पण आमच्या बायकांच्या चंचीतून, चाव्यांच्या जुडग्यांतून आणि पोरांच्या करदोट्यांतून न गेलेलं. मी बोल्टमध्ये घालून पाहिलं. अंगठी बसावी तसा बसला.

मग टेम्पोत नुसती झडती सुरू झाली. चंच्या सुटल्या, जुडगे सुटले. दोन पोरांना आडवं धरून त्यांचे करदोटे मोकळे केले गेले. एका काकीने इतक्या वर्षांत कुणाला न दाखवलेला पैसा काढला तेव्हा बाकीच्या जणी तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागल्या. एकेका बोल्टाला दोन-दोन पैसे घालत, बोटं भाजत, मी आवळत गेलो. आता पाना जिथे थांबत होता तिथे हेडरही दबत होता. आणि शेवटच्या बोल्टाला एक पैसा कमी पडला.

"माझ्याकडं हाय," भाची म्हणाली आणि मनगट पुढे केलं.

हळदीच्या दिवशी आमच्याकडे नवरीच्या मनगटाला कांकण बांधतात. पिवळा दोरा, त्यात हळकुंड आणि भोकाचा पैसा. तो दोरा लग्न लागल्यावर, दुसऱ्या दिवशी, नवऱ्याने एका हाताने सोडायचा असतो. त्याआधी नाही.

ती दाताने गाठ सोडायला लागली तशी ताईने तिचा हातच धरला. "खबरदार. नवऱ्याच्या आदी कांकन सोडतेस? तेबी गाडीला घालाया?"

"आई, एकच तर हाय."

"एक असो नायतर अर्धा."

सगळ्या बायका ताईच्या बाजूला गेल्या. चुलतभावाने जीपचं दार अजून धरूनच ठेवलं होतं, हात दुखला असणार. मी म्हटलं, बघू तरी चालू करून. शेवटच्या बोल्टाला एकच पैसा, जमेल तेवढा आवळलेला. चावी फिरवली.

ओरडणं गेलं होतं. उरलं होतं ते एका कोपऱ्यातून येणारं टुक टुक, टुक टुक, अंड्यावर बसलेल्या कोंबडीच्या पातळीचं. सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने भाचीकडे.

भाची जीपकडे गेली. तिने जीपमधली उशी उचलली, ती माझ्या गाडीत मागच्या सीटवर ठेवली आणि त्यावर बसली. "चला मामा, म्हूर्त जाईल."

गावाच्या वेशीवर बँजोपार्टी उभी होती. मी गाडी हळू केली आणि टुक टुक स्पष्ट ऐकू यायला लागलं. मला वाटलं झालं, मान गेला. पण ढोलकीवाल्याने मान वाकडी करून जरा ऐकलं, आणि ठेका धरला. माझा ठेका. त्यावर बँजो चढला, त्यावर पोरं नाचायला लागली. माझा पाय ॲक्सिलरेटरवर. जरा जास्त दाबला की नाच पळायला लागायचा, सोडला की नाचणारे पाय उचलून तसेच थांबायचे. मांडवापर्यंत मी घामाघूम होऊन गाडी वाजवत नेली. मागून भाची सांगत होती, "मामा, जरा फास. आता स्लो. मावशी दमली." मांडवाच्या दारात शहापूरचा दुकानदार उभा होता, खरोखरच आला होता. त्याने बॉनेटकडे कान केला, माझ्याकडे पाहिलं आणि अक्षता घ्यायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी मांडवपरतण, म्हणजे नवं जोडपं माहेरी आणायचं. त्यालाही मीच. मी पोचलो तेव्हा कांकण सोडण्याचा खेळ चालू होता. नवरदेव एका हाताने गाठीशी झुंजत होता आणि भाची त्याला सांगत होती, "आटपा, मामांचा वॉशर अडकलाय त्यात." हळकुंड समोरच्या परातीतल्या पाण्यात पडलं, पैसा माझ्या हातात आला. पिवळाच होता. नवरदेवाने बाशिंग काढून ठेवलं आणि तो शेवटचा बोल्ट स्वतः आवळून दिला. सासुरवाडीच्या गाडीशी झालेली त्याची पहिली ओळख ती.

परतीच्या वाटेवर गाडीचा आवाज म्हणून नव्हता. चढ आला, गेला. नवरदेवाला झोप लागली. आम्ही फाट्याला वळलो, अंगणात आलो, ताईच्या दाराशी थांबलो.

कुणीच आलं नाही.

नवं जोडपं उंबऱ्याशी आलं की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पाय धुवायचे, मग आत घ्यायचं. त्याशिवाय उतरता येत नाही. मी हॉर्न दाबला. हॉर्न माझ्या गाडीचा कधी वाजलाच नव्हता, त्याची गरजच पडली नव्हती. मी हाक मारली. परसदारी भांड्यांचा ढीग घासला जात होता, त्या खडखडाटात ती बुडाली. वर्षानुवर्षं ज्या आवाजावर या घरात भात चढत होता तो आलाच नव्हता, म्हणून आम्हीही आलेलो नव्हतो. नवरदेव जागा होऊन बंद दाराकडे पाहू लागला. सासुरवाडीचं पहिलं स्वागत.

"मामा," भाची म्हणाली, "उतरा. तो माझा पैसा काढा. एकदा वाजवा नि मंग परत लावा."

मी फडकं गुंडाळून बॉनेट उघडलं. बोल्ट सोडला, तापलेला पैसा काढून नवरदेवाच्या रुमालात टाकला आणि चावी फिरवली. टुक टुक, टुक टुक. मी पाय दाबला. परसदारची भांडी थांबली. आणि ताई पदराला हात पुसत, भाकरतुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, दुरूनच मला म्हणत, "आलास काय रे? आजून बसवली नाय तुजी सडं?"